खाडी सुरू होते कुठून?

ओहोटी लागली की दुर्वाची आई गुडघाभर पाण्यात उतरायची आणि पायाच्या बोटांनी चाचपून तिसऱ्या (वाळूत राहणारे शिंपले) काढायची. यंदा मात्र वाळूवर तांबड्या गाळाची साय धरली होती. टोपली रिकामीच घरी येई.

"पावसाळा सरेपर्यंत बघते," आई म्हणाली. "नाहीतर मुंबईला समुद्रशेतीत कामाला जाईन. तू मामाकडे राहा."

आई नसलेलं घर दुर्वाला नकोच होतं. पण एवढा गाळ आला तरी कुठून? गाव म्हणे, भरतीने आणला.

दुर्वाने शाळेतून निवटीला आणलं. निवटी म्हणजे त्याच नावाच्या माशासारखा चिखलात तुरुतुरु चालणारा बुटका यंत्रमानव. तिची जीभ अशी, की माती चाखून तिचा पत्ता सांगावा.

"समुद्राच्या गाळात शंखांचा बारीक चुरा असतो," निवटी म्हणाली. "यात तो फारसा नाही. ही डोंगरातली माती. चल वर."

दोघी ओढ्याच्या काठाने निघाल्या. दोन ओहोळ मिळत तिथे निवटी दोन्हींचं पाणी चाखी आणि ज्यात ती तांबडी माती सापडे, त्याची वाट धरी. वळसे घेत घेत त्या एका उघड्याबोडक्या उतारावर पोचल्या, तशी दुर्वा थबकली. ही तर मामाची काजूची बाग! नवी कलमं लावायला त्याने उन्हाळ्यात जेसीबी फिरवून सारी झुडपं काढली होती.

"तुझं यंत्र बिघडलंय गो," दुर्वाने गाळाचं सांगताच बागेतला मामा हसला. "तुमची खाडी डोंगरापलीकडे. विजेची एसटीसुद्धा धापा टाकत घाट चढते. चिखल काय घाट चढून जाणार?"

दुर्वाही घोटाळली; एसटीने मामाकडे येताना तीही घाटच चढायची. निवटी वाद घालत बसली नाही. तिने तीन घमेली शेजारी शेजारी पालथी घातली, वर ताडपत्री पसरली आणि मामाला मागच्या अंगाला तांब्याभर पाणी ओतायला लावलं. पाणी घमेल्यावर चढलं नाही. दोन घमेल्यांमधल्या घळीतून सरकत ते पुढच्या खळग्यात जाऊन बसलं.

"रस्ता डोंगर चढतो, पाणी उतार शोधतं," निवटी म्हणाली. "ज्या ज्या जमिनीवरचं पाणी असं उतरत एका खाडीला मिळतं, ते सगळं तिचं पाणलोट क्षेत्र (पाणी गोळा करून देणारा प्रदेश). मुळं माती धरून ठेवतात. मुळं गेली, माती चालू लागली. खाडीत पाणी मंदावतं, माती तळाला बसते आणि खाली तिसऱ्या गुदमरतात."

"म्हणजे खाडी इथून सुरू होते?" दुर्वाने विचारलं.

"इथूनच."

मग दुर्वाने आईच्या मुंबईचं सांगून टाकलं. मामाचं हसू मावळलं.

"ताई बोलली नाही मला," तो म्हणाला. "तिच्या अन्नात मीच माती कालवली की."

दुसऱ्या दिवसापासून मामाने समतल चर (उताराला आडवे, एकाच उंचीवरून जाणारे) खणायला घेतले. बांधांवर गवत लावलं, ओहोळाकाठची झुडपं पुन्हा वाढू दिली. आईने जाणं पुढे ढकललं, पण मुंबईसाठी भरलेली पिशवी दाराशीच होती. दुर्वा येता-जाता तिच्याकडे बघे.

भरती-ओहोटीने जुना गाळ हळूहळू धुऊन नेला. माघात एकदा आई पाण्यात चालता चालता थांबली. वाकून तिने पायाखालून काहीतरी उचललं. नखाएवढी तिसरी होती, जिवंत.

आईने ती जपून परत वाळूत ठेवली. "वाढू दे. मामाला सांग, पुढच्या वर्षी तिसऱ्यांचं सुकं खायला ये."

घरी येऊन तिने दाराशी ठेवलेली पिशवी रिकामी केली.