फुलीचं घर

चैत्रातली दुपार. जानेफळची आशा कार्यकर्ती समता पोलिओच्या उरलेल्या घरांना निघाली. काम साधंच. बाळाच्या तोंडात दोन थेंब, दारावर खडूची खूण. झालं तर 'पी', राहिलं तर फुली. फुलीच्या घरी परत जायचंच, हा नियम.

पण हे एकच काम असतं तर! आधी कुष्ठरोगाचा सर्व्हे, मग क्षयाचा, मग घरोघरची आरोग्य कार्डं, मग त्या कार्डांचे फोटो. महिनाभर धड झोप नाही. वरणात मीठ दोनदा पडे, नाही तर पडतच नसे. चुलीपुढे उगाच रडू येई. कोणी विचारलं तर म्हणायची, "ऊन लागलं." डोंबलाचं ऊन!

वच्छलाबाईच्या दारावर आधीच 'पी' होता. तारीख आजची. अक्षर समताचंच.

"आता तं येऊन गेली ना वं तू!" वच्छलाबाई म्हणाली. "पाणी घे म्हटलं, तं म्हणे वेळ नाही."

"मी? मी तं आत्ताच घरून निघाली..."

"मंग थेंब कोनं टाकले? हात किती थंड होते वं तुहे..."

पुढच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारोदार 'पी'. हवेत खडूचा कोरडा वास. वळणापलीकडे चपलांची फटफट, तिच्याच चालीची, पण भराभर. समताच्या मनात पहिलं काय आलं असेल? बरं झालं, घरं आटोपली! इतकी पिचली होती बाई.

मग तिला आठवलं, गल्लीतलं शेवटचं घर तिचंच. आत तिची तीन वर्षांची लेक, काजल.

ती धावली. दाराला आतून कडी.

"आत्याबाई..."

"काय पायजे?" सासूनं, अन्नपूर्णाबाईनं, आतूनच विचारलं.

"पाणी... पहिले पाणी द्या."

कडी निघाली. काजल म्हातारीच्या कमरेला घट्ट बिलगलेली.

"तुह्यासारखीच होती. उंबऱ्यात उभी राहून म्हणे, काजलले द्या, वेळ नाही. माही सून कितीबी थको, आली का पहिले पाणी मांगते. म्या नाही घेतली आत." म्हातारीनं समताच्या खांद्यावरची पिशवी हिसकली. "मोबाइल बंद कर अन् झोप. तू मेली तं सरकारले दुसरी आशा भेटंन. मले दुसरी समता कोठून भेटंन?"

समता दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या साहेबांना तोंडावर सांगून आली, सहानंतर फोन उचलणार नाही. साहेब चिडले. चिडू दे.

परतली तेव्हा स्वतःच्या दारावर फुली होती. अक्षर तिचंच. सासूनं ओल्या फडक्यानं पुसून काढली.

अजून रोज सकाळी पुसते. खाली तारीख असते, नेहमी उद्याची.