आज बंदरात काय आलं

सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला कॉम्प्युटर दुरुस्त करणारे कुओ उस्ताद नवं काम हातात घेत नसत. दुकान उघडायचं, यंत्रांवरची धूळ पुसायची, दुपारी गल्लीतल्या सगळ्यांबरोबर भल्या भावांसाठी नैवेद्याचं टेबल मांडायचं आणि उजेड असतानाच घरी जायचं. सातव्या महिन्यात मेलेले परत येतात, म्हणून भूत हा शब्द तेव्हा तैवानच्या कीलुंग बंदरात कुणी तोंडातून काढत नाही. भले भाऊ म्हणायचं. एकमेकांना नावानं हाक मारायची नाही. आणि नावानं हाक आलीच, तर ओ द्यायची नाही.

पण त्या दिवशी अकराच्या बसनं दोघी आल्या. पुढं सू-चिन, मागं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिची आंधळी आई. दोघींच्या छत्र्यांचं पाणी फरशीवर ओघळलं.

"महिना संपल्यावर या, असं मी फोनवर सांगितलं होतं ना?" कुओ म्हणाले.

"सांगितलं होतंत. पण उस्ताद, महिना संपेपर्यंत ही..." सू-चिनचा आवाज खाली गेला. "पेज सोडून काही पोटात जात नाही हिच्या. आणि तीही चार घोट."

"मी आंधळी आहे, बहिरी नाही," म्हातारी म्हणाली. "आणि पेज तू करतेस तशी कुणीच पिणार नाही."

कुओंना हसू आलं. मग त्यांची नजर म्हातारीच्या मनगटाकडं गेली आणि हसू तिथंच थांबलं. मनगट कसलं, उदबत्तीची काडी होती ती.

हकिकत त्यांना ठाऊक होती. म्हातारीचा नवरा बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर होता. तिची दृष्टी गेली तेव्हापासून रोज संध्याकाळी तो खिडकीपाशी उभा राहायचा आणि बंदरात काय आलं ते तिला सांगायचा. कुठल्या रंगाचं जहाज, कुणाच्या डेकवर कपडे वाळताहेत, कुठला खलाशी रेलिंगवर बसून संत्रं सोलतोय. तो सांगायचा आणि ती जेवायची. मग त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यानं हिवाळ्यात ऑपरेशनपर्यंत रोजचं सांगणं कॉम्प्युटरवर भरून ठेवलं. वसंतात तो गेला. म्हातारी त्या आवाजासमोर बसून वाटी रिकामी करत राहिली. आणि दीड महिन्यापूर्वी हार्ड डिस्क बंद पडली.

"तशीच दुसरी डिस्क काल मिळाली," कुओ म्हणाले. "तिच्यातली वाचायची सुई काढून तुमच्या डिस्कमध्ये बसवायची. पण स्पष्ट सांगतो. तबकडीवर आधीच एक ओरखडा आहे. ही सुई अडखळली, तर उरलंसुरलंही खरवडून जाईल. मग माझ्याकडं यायचं नाही, आणि कुणाकडंच जायचं नाही."

सू-चिन आईकडं बघत राहिली. म्हातारी म्हणाली, "बसवा."

आतल्या खोलीत काचेच्या पेटीत हात घालून कुओंनी सुई बदलली. दोन तास गेले. श्वाससुद्धा ते बाजूला तोंड करून सोडत होते. मग त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढून यंत्र ठेवलेल्या लोखंडी कपाटाच्या माथ्यावरचं हिरवं पुडकं नीट केलं. मक्याच्या कुरकुऱ्यांचं पुडकं. तिकडं प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर असं एक असतंच. हिरवंच लागतं, कारण दिवा हिरवा तर यंत्र ठीक. त्याची तारीख उलटू द्यायची नाही. आणि ते कुणी खायचं नाही. खाल्लं की यंत्र रुसतं. कुओ शाळेत फार गेले नव्हते, पण मोठमोठे शिकलेले इंजिनीअरही हा नेम पाळतात हे त्यांनी पाहिलं होतं.

त्यांनी कळ दाबली.

टक्... टक्... टक्.

सुई जागा शोधत होती. सापडत नव्हती.

"हे काय वाजतंय?" बाहेरून सू-चिननं विचारलं.

"चाचपडतेय," कुओ म्हणाले. खरं म्हणजे त्यांच्या कपाळावर घाम आला होता. थांबवलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. चालू ठेवलं तर प्रत्येक टक् म्हणजे एक नवा चरा असू शकत होता. ते यंत्राच्या अंगावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

तीन वाजले. गल्लीत घंटा झाली. प्रत्येक दुकानातून एकानं यायलाच हवं होतं. भल्या भावांना ताटकळत ठेवायचं नसतं. कुओंनी स्टूल उचललं, कारण उदबत्त्यांची बादली ठेवायला दर वर्षी तेच लागायचं. सू-चिनच्या हातात त्यांनी फळांची परडी दिली.

"मावशी, दोघं इथंच दारासमोर आहोत. दहा मिनिटं."

"जा जा. मी कुठं पळून जाते?"

बाहेर पावसाचं आभाळ इतकं खाली आलं होतं की दुपारी दिवे लागले होते. धुराचा, ओल्या कागदाचा आणि उकडलेल्या डुकराच्या मांसाचा वास गल्लीत अडकून राहिला होता. कुओ एकेक उदबत्ती खोवू लागले. शेजारची चहावाली म्हणाली, "अहो उस्ताद, उदबत्त्या लावताय की स्क्रू पिळताय? भले भाऊ जेवून परत जातील तोवर!"

सगळी गल्ली हसली. कुओही हसले. आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, दुकानातलं टक् टक् थांबलं होतं.

ते धावले. सू-चिन त्यांच्या मागं.

म्हातारी दुकानाच्या बाहेरच्या खोलीत, वेताच्या खुर्चीत, ठेवली होती तशीच बसली होती. मांडीवर हिरवं पुडकं होतं, फाडलेलं. गालाला मक्याचा पिवळा चुरा लागला होता. ती खात होती. सावकाश, एकेक, शाळेतल्या मुलीसारखी.

"आई! अगं, ते यंत्राचं... ते खायचं नसतं गं!"

कुओ आतल्या खोलीच्या दारापाशी गेले. त्यांनी आत पाहिलं. कपाटाचा माथा रिकामा. तिथं त्यांचा स्वतःचा हात स्टुलाशिवाय पोचत नव्हता. आणि स्टूल बाहेर, पावसात, बादलीखाली.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "कुणी दिलं?"

"यांनी."

"कोण... यांनी?"

"नावानं हाक मारली. आ-ग्योक म्हणाले." म्हातारीनं ओठ पुसले. "या महिन्यात ओ द्यायची नसते, कळतं मला. पण चाळीस वर्षं दिली, आता न देऊन कसं चालेल? मी ओ दिली. मग हातात हे आलं."

सू-चिननं आईचा हात घट्ट धरला. 

आतून आवाज येत होता. टक् टक् नव्हे. संथ, एकसारखी घरघर, पोट भरून झोपलेल्या मांजरासारखी. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती, एकदाही न अडखळता.

पाच वाजेपर्यंत सगळं उतरलं. एकही संध्याकाळ गळली नव्हती. कुओंनी शेवटची लावून बघितली. ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची, जानेवारीतली. घोगरा, दमलेला आवाज खोलीभर झाला.

"आज पाऊस आहे. काही दिसत नाही बघ. एक पांढरं जहाज आहे, तेही अर्धंच... तू जेवली नाहीस ना? थांब. काढून देतो... हात कुठाय तुझा? हं. धर."

मग पुडकं फाडल्याचा आवाज.

"आमच्या घरी कधी असलं पुडकं आलंच नाही," सू-चिन पुटपुटली. "बाबा म्हणायचे, निम्मी हवाच विकतात."

म्हातारी मात्र हसत होती. "पांढरं जहाज," ती म्हणाली. "चल गं. मला भूक लागलीय. माशाच्या गोळ्यांचं सूप हवं मला, तुझी पेज नको."

दोघी गेल्या. म्हातारीचा हात या वेळी मुलीच्या खांद्यावर नव्हता. ती तिच्या दंडाला धरून, जवळजवळ पुढंच चालत होती. कुओ त्या वळेपर्यंत दारात उभे राहिले.

मग आत येऊन त्यांनी दोन नवी हिरवी पुडकी काढली. स्टूल आत आणून एक कपाटावर ठेवलं. दुसरं फाडून वेताच्या खुर्चीवर ठेवलं, कुणी येऊन बसणार असल्यासारखं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

यंत्र बंद करण्याआधी त्यांनी ती जानेवारीतली संध्याकाळ आणखी एकदा लावली. आवाज वाढवला. म्हाताऱ्याच्या बोलण्यामागं, पावसामागं, काहीतरी बारीक वाजत होतं.

टक्... टक्... टक्.

"हं. धर." आणि टक् टक् थांबलं.

त्याच्याही मागं, लांबून, जणू दाराबाहेरच्या गल्लीतून, एका बाईचा आवाज आला. "अहो उस्ताद, उदबत्त्या लावताय की स्क्रू पिळताय?" मग माणसं हसली. आणि त्या हसण्यात कुओंना त्यांचं स्वतःचं हसू ऐकू आलं.