दिवा विझेपर्यंत

हॉलमध्ये नऊ जण होते. त्यातले आठ श्वास घेत नव्हते.

तिने मात्र आत येताना मोजले ते आठच: दोन बाकावर, एक खुर्चीत, चार भिंतीला पाठ लावून ओळीने, आणि एक लाल गाडीच्या स्टिअरिंगमागे. मोजायची तिला सवयच होती. दुसऱ्यांची मोजणारी यंत्रं बरोबर मोजतात की नाही, हे तपासणं हेच तिचं काम. घरी तिला ‘तराजू’ म्हणत, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे तिने अजून तपासलं नव्हतं.

ती सरळ लाल गाडीपाशी गेली, वाकली आणि म्हणाली, “अहो, वजनकाटे कुठे ठेवलेत?”

स्टिअरिंगमागचा गृहस्थ समोर बघत राहिला.

“तो बोलत नाही,” मागच्या सीटवरून आवाज आला. “नवीन आहे ना. लाजतो जरा.”

मागच्या सीटवर एक तरुण पट्टा तपासत आडवा झाला होता. तो उठून बसला. हाताला निळा रंग, कपाळालाही थोडा. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पुतळ्याकडे, आणि हसू आवरायचा प्रयत्न केला... तो साफ फसला.

“नऊ झाले,” ती म्हणाली.

“काय?”

“काही नाही. वजनकाटे?”

ही जागा गाड्या भिंतीवर आपटून बघण्याची होती. पुतळ्यांना गाडीत माणसांसारखं बसवायचं, गुडघे, हनुवटी, खांदे मिलिमीटरच्या हिशेबाने जुळवायचे, हे त्याचं काम. इंजिनिअर होऊन पोरगा बाहुल्या खेळतो, असं त्याची आई म्हणायची. हॉलमध्ये सगळे त्याला पुतळेवालाच म्हणत.

तिचं काम दुपारी आटोपलं. त्याच वेळी लाल गाडीची पाळी होती.

“थांबता? दोन मिनिटांत संपेल,” तो म्हणाला. “खरं तर डोळ्याची पापणी लवायच्या आतच संपतं.”

ती काचेआड उभी राहिली. गाडी रुळावरून आली, धाड्कन आवाज झाला, आणि धूळ खाली बसेपर्यंत सगळं शांत. ते दोघं जवळ गेले तेव्हा पांढरी एअरबॅग पुतळ्याच्या मांडीवर लोळत होती. तिच्यावर एका चेहऱ्याचा ठसा होता: निळं कपाळ, हिरवी हनुवटी. चेहरा नेमका कुठे टेकला हे कळावं म्हणून पुतळ्याला तो रंग लावत.

त्याने ओल्या फडक्याने पुतळ्याचा चेहरा पुसला. अगदी हळू, शाळेतून मळून आलेल्या पोराचा पुसावा तसा. आणि पुटपुटला, “आभारी आहे हं, दादा.”

तिने ऐकलं. तो कानापर्यंत लाल झाला.

“दर वेळी म्हणता?”

“दर वेळी.” त्याने फडकं पिळलं. “माझे बाबा रोज सकाळी आईशी पेपरच्या पहिल्या पानावरून भांडतात. मी कॉलेजात असताना त्यांची गाडी झाडावर गेली होती. पट्टा होता, ही पिशवी वेळेवर फुगली, म्हणून अजून भांडतात. कुठल्या तरी हॉलमध्ये आधी कोणी तरी त्यांच्याऐवजी आपटून घेतलं असणार ना? त्याचे आभार मानायचे राहिले. म्हणून मग... यांचे मानतो.”

त्या दिवशी तिने तपासलेल्या वस्तूंमध्ये हे एकच असं होतं की ज्याला कुठलं माप लावावं ते तिला सुचेना.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. त्याची स्कूटर किक मारमारून थकली आणि तो पत्र्याखाली उभा राहिला. तिने काच खाली केली.

“बसा. स्टॉपपर्यंत सोडते.”

गाडी नवी नव्हती, पण तिची होती. दोन आठवड्यांपूर्वीच घेतलेली, स्वतःच्या पगारातून. परवा ताई बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी यायची होती. भावोजी जहाजावर, आई-बाबा गुडघ्यांनी बेजार, तेव्हा मावशीनेच आणायचं, असं ठरलं होतं. मावशी म्हणजे ती. गाडी घेतली तीही त्यासाठीच.

तो बसला. आधी सीट मागे सरकवली, मग पट्टा लावला, मग डॅशबोर्डवर चिकटवलेल्या लाकडी घुबडाकडे रोखून बघितलं.

“हे इथून काढा.”

“का? गोड आहे.”

“गोड आहेच. पण याच्या खालीच एअरबॅग आहे. फुगली की हे घुबड सरळ माझ्या कपाळात.”

“तुमच्याच का बरं?”

“इथे आणखी कोण बसतं?”

तिने चावी हातात घेतली. “ही तपासणी आहे की चौकशी?”

“तपासणी,” तो म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत — “चौकशी... नंतर.”

तिने चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, डॅशबोर्डवरचे दिवे लागले आणि विझले. ती गिअर टाकणार, तोच त्याने हात वर केला.

“पुन्हा एकदा सुरू करता?”

“स्टॉप इतका जवळ आहे, तरी तुम्हाला घाई नाही वाटतं.”

“नाही, खरंच. एकदा बंद करा. आणि आता नुसती चावी फिरवा, इंजिन नको.”

त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. तिने नुसती चावी फिरवली. दिवे लागले. बसलेल्या माणसासमोर गोल फुगा, असं चित्र असलेला दिवाही लागला.

“तो एअरबॅगचा. तो आपला आपण विझायला हवा,” तो म्हणाला. “इंजिन असो वा नसो. स्वतःची तपासणी करतो आणि सहा-सात सेकंदांत विझतो.”

तिने पर्समधून स्टॉपवॉच काढलं. तिच्या पर्समध्ये कंगवा नसे, पण स्टॉपवॉच असे. दहा सेकंद झाले. वीस. चाळीस. काचेवर पाऊस वाजत होता. दिवा जळत होता.

“आता इंजिन सुरू करा.”

इंजिन सुरू झालं. इंजिनच्या तेलाचा दिवा नेहमीप्रमाणे विझला आणि त्याच क्षणी, मागे ना पुढे, एअरबॅगचाही विझला.

“दोघं बरोबरच गेले,” ती म्हणाली.

“एकाच तारेवर आहेत. कोणी तरी जोडून दिलेत.” तो जरा थांबला. “एअरबॅगचा दिवा सारखा जळत राहू नये म्हणून.”

तिला ते कळायला वेळ लागला नाही. गाडी घेताना तिने ब्रेक तपासले होते, टायर मोजले होते, दिवे लागतात आणि विझतात हेही पाहिलं होतं. फक्त चावी फिरवली की ती लगेच इंजिन सुरू करायची. त्यामुळे तो दिवा स्वतः विझतो की दुसऱ्याच्या मागे विझतो, हे तिला कधी दिसलंच नव्हतं.

स्टॉप मागे पडला. दोघं त्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रीने पुढच्या सीटसमोरचं झाकण उघडलं. आत एअरबॅग नव्हती. चार घड्या घातलेला जुना टॉवेल होता, झाकण पोकळ वाजू नये म्हणून. स्टिअरिंगच्या पोटातही तेच. गाडीला कधी तरी धडक बसली होती, पिशव्या फुगून गेल्या होत्या, आणि नव्या बसवण्याऐवजी कोणी तरी दिवा गप्प केला होता.

ती गॅरेजच्या बाकावर बसली. टॉवेल तिच्या हातात होता. तो धुतलेला होता, आणि याचाच तिला जास्त राग आला.

“मी ताईला पुढे बसवणार होते,” ती म्हणाली. “पाय पसरायला जागा मिळावी म्हणून. आणि बाळ... तिच्या मांडीवर.”

मांडीवरचं बाळ धडक बसल्यावर कुठल्याच हातांना धरवत नाही, आणि पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर तर त्याला ठेवायचंच नसतं, पिशवी असो वा नसो. हे त्याला रोज समोर दिसायचं. यातलं काही तो बोलला नाही. दोन कप चहा घेऊन आला आणि शेजारी बसला.

“अजून बसवलं नाहीस,” तो म्हणाला.

‘नाहीस’. तिने ऐकलं. चहाचा घोट घेताना कपाच्या कडेवरून तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि दुरुस्त केलं नाही.

“मग परवा काय करू?”

“परवा माझ्या आईची गाडी. तिची पिशवी, पट्टे, दिवे, सगळं मी दर महिन्याला बघतो. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बसवू, तोंड मागे करून. आणि उद्या सराव.”

“कोणावर?”

“आहे एक तान्हा.”

तान्हा म्हणजे हॉलमधला सगळ्यात लहान पुतळा. साहेबांची परवानगी घेऊन त्याने तो दुसऱ्या दिवशी बाहेर आणला, आणि आवारातल्या झाडाखाली दोघं आईच्या गाडीत मागे वाकून उभे राहिले. खुर्ची बसवली, काढली, पुन्हा बसवली. तिने खिशातून कोनमापक काढलं.

“चव्वेचाळीस अंश.”

“पंचेचाळीसपर्यंत चालतं.”

“मग एक अंश शिल्लक.”

“ठेव गाठीला. आता पट्टा. खांद्यावर चिमटीत धरून बघ. चिमटीत आला तर ढिला.”

तिने चिमूट लावली. आला. त्याने पट्टा ओढला. पुन्हा लावली, आणि या वेळी त्याचीही बोटं तिथेच होती. पट्टा चिमटीत आला नाही. बोटं मात्र... राहिली जरा वेळ.

“अरे वा,” मागून वॉचमनकाका म्हणाले. “कधी झालं? कळवलं नाहीत ते. कोणावर गेलंय?”

“आईवर,” पुतळेवाला न वळता म्हणाला. “एक शब्द बोलत नाही, नुसतं मापं घेतं.”

काका पुढे आले, तान्ह्याचा प्लास्टिकचा चेहरा बघून दोन पावलं मागे सरले, आणि “आजकालची पोरं...” म्हणत गेले. ती इतकी हसली की तिला गाडीच्या दाराला धरून उभं राहावं लागलं.

ताई घरी आली त्या दिवशी रस्ते कोरडे होते. बाळ खुर्चीत मुठी आवळून झोपलं होतं, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मावशी. तो गाडी अशी चालवत होता, की जणू मागे काठोकाठ भरलेली वाटी आहे. निघताना त्याने तीन वेळा विचारलं, “पट्टे?” आणि तीनही ‘खट्’ ऐकल्याशिवाय चावीला हात लावला नाही.

“हा ड्रायव्हर कुठून आणलास गं, तराजू?” ताईने हळूच विचारलं. हळू बोलणं ताईला कधीच जमलं नव्हतं.

“उसना.”

“परत करायचा आहे का?”

पुढच्या आरशात दोन कान लाल झाले. बाळाने झोपेत सुस्कारा टाकला.

घरी पोचल्यावर ताई पायऱ्या चढून गेली. ती फाटकापाशी मागे राहिली. आभार मानायला शब्द शोधत होती, पण सगळे एक तर फार हलके, नाही तर फार जड. शेवटी तिने रुमाल काढला, हॉलमधून घाईत येताना त्याच्या कपाळावर राहिलेला निळा रंग हळूच पुसला, आणि म्हणाली, “आभारी आहे हं.”

तो पुतळ्यासारखाच उभा राहिला.

नव्या पिशव्या यायला वेळ लागला. त्या काळात तो आईची गाडी घेऊन तिला ऑफिसमधून न्यायला येऊ लागला, आधी पाऊस असला की, मग ढग असले की, मग कोरड्या उन्हातही. एकदा तिने गमतीने पाय डॅशबोर्डवर ठेवले, तर त्याने गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि नुसता बघत राहिला. तिने पाय खाली घेतले.

“रागावलास?”

“नाही. तुझे गुडघे मला आहेत तिथेच आवडतात.”

आणि मग एका संध्याकाळी मिस्त्रीचा निरोप आला.

तिची गाडी गॅरेजच्या दारात धुऊन उभी होती. दोन्ही एअरबॅग नव्या, दिवा स्वतःच्या तारेवर. घुबड आता डॅशबोर्डवर नव्हतं, बाळाच्या पाळण्यावर टांगलं होतं. ती स्टिअरिंगमागे बसली, तो शेजारी. त्याने सीट मागे सरकवली. खट्. खट्.

तिने स्टॉपवॉच त्याच्या हातात दिलं. “तू मोज. चावी फिरवली की हे बटण. मध्ये काही नोंदवायचं असलं तर हे दुसरं.”

“मध्ये काय नोंदवायचं असणार?”

“मला काय माहीत. ती चौकशी राहिलीये ना तुझी.”

तो स्टॉपवॉचकडे बघत बसला. बाहेर मिस्त्री पाना पुसत होता, उगाचच, फार वेळ.

“उत्तर कधी देशील?”

“दिवा विझेपर्यंत.”

“सहा-सात सेकंदच मिळतात.”

“मग प्रश्न लहान ठेव.”

त्याने श्वास घेतला. “या सीटवर... म्हणजे कायमचा... मीच बसू?”

तिने चावी फिरवली.

दिवा सहा पूर्णांक चार दशांश सेकंदांनी विझला. उत्तराची नोंद एक पूर्णांक दोन दशांशावर होती.