मढहून आलेला सीपीयू

"हे सुरू होतं... पण होत नाही."

मी मान वर केली. काउंटरवर चादरीत गुंडाळलेला सीपीयू आणि त्याच्यामागे घामाने निथळणारा एक उंच, सावळा मुलगा. चादरीला सुक्या बोंबलांचा वास येत होता. माझ्या ते लक्षात आलंय हे त्याच्याही लक्षात आलं, आणि तो ओशाळला.

"सॉरी हां, मॅडम. मढवरून आलोय. मालाडला दोघांनी सांगितलं, भंगारात टाक."

"आधी बघू तर. आणि बोंबील मला आवडतात."

तो हसला. अगदी मोकळा, डोळ्यांपर्यंत. माझ्या दुकानात असं कोणी हसल्याला किती दिवस झाले होते, कोण जाणे!

गोरेगाव स्टेशनच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आई-बाबा रिटायर होऊन कुडाळला गेले, मैत्रिणी लग्नं होऊन पांगल्या. दिवसभर मी बोलायचे ते हार्ड डिस्कबद्दल, नाहीतर विसरलेल्या पासवर्डबद्दल. लोक घाईत यायचे, मशीन सुरू झालं की त्याहून घाईत निघून जायचे. दुपारी डबा खाताना पंख्याची घरघर तेवढी सोबतीला.

मी वायर जोडली. स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह आलं, क्षणभर थांबलं, मग काळोख. पुन्हा चिन्ह, पुन्हा काळोख. झाकण उघडून रॅम काढली, तर तिच्या सोनेरी पट्टीवर हिरवट थर. मी खोडरबर घेतलं.

"शाळेतलं?" तो वाकून बघत म्हणाला.

"हो. खाऱ्या हवेने गंज धरलाय, तो घासायचा. घरी कोण वापरतं हे?"

"मीच. जयवंत. हळदीचे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. बाबा आणि भाऊ बोटीवर असतात."

"तुम्ही नाही जात?"

तो जरा घुटमळला. "मला... बोट लागते."

मला हसू आवरेना. कोळ्याचा मुलगा आणि बोट लागते!

"हसा, अख्खा कोळीवाडा हसतो. ते समुद्रावर, आई बाजारात. मी घरात एकटा बसून दुसऱ्यांची वऱ्हाडं नाचवतो." तो हसतच म्हणाला, पण डोळे मात्र या वेळी हसले नाहीत.

मशीन सुरू झालं. तो गेला. गल्ली तीच, रिक्षांचे हॉर्न तेच, आणि तरी दुकान एकदम रिकामं वाटलं.

काही दिवसांनी तो पुन्हा आला. तेच चिन्ह, तोच काळोख. नंतर आणखी एकदा. मॅडमची रेवती झाली, तुम्हीचं तू झालं. एकदा त्याच्या आईने केलेली कोलंबीची चटणी आली. स्टुलावर बसून तो वरमायांचे रुसवेफुगवे साभिनय सांगायचा. तो गेला की मी कोपऱ्यावरच्या वळणाकडे बघत राहायचे. त्याचं मशीन बिघडावं असं मला वाटायला लागलं होतं... आणि त्याची लाजही वाटत होती.

मग एका सकाळी तो आला तो न हसताच. "वाट लागली यार. व्हिडिओ वेळेत दिला नाही म्हणून नवरीचा बाप चार लोकांत वाट्टेल ते बोलला."

मी पूर्ण मशीन उघडलं. मदरबोर्डलाच गंज धरला होता. घासून, पुसून परत पाठवता आलं असतं. महिन्याभरात तो पुन्हा आला असता. माझा हात खोडरबराकडे गेलाही... मग मी तो मागे घेतला.

"बोर्ड बदलते," मी म्हटलं. "पण जयवंत, समुद्राला लागून असलेल्या घरात हाही गंजेल. मशीन समुद्रापासून लांब, इकडे कुठेतरी ठेव. मग दुरुस्तीला आणावं लागणार नाही."



"म्हणजे... परत यायचं नाही?"

"गरज नाही."

"गरज नाही ते कळलं गं. यायचं की नाही, ते विचारतोय."

मी उगाचच स्क्रू वेचायला लागले. "मागे एक टेबल रिकामं आहे. हवा खेळत नाही तिथे फारशी..."

"मशीनसाठी?"

"समोर बसायला कोणीतरी लागेलच ना."

सोमवारी तो आला. स्क्रीनवर हळदीने माखलेली एक नवरी खदखदून हसत होती. तो तिच्याकडे बघत राहिला, माउसवरचा हात थांबला.

"रेवती, एक सांगू? मशीन चांगलं चालत असतानाही मी दोनदा इथवर आलो होतो. समोर वडापावच्या गाडीपाशी उभा राहिलो, तू डबा खात होतीस... आणि तसाच बस पकडून परत गेलो."

त्या दोन्ही दुपारी मी एकटीच जेवले होते.

"आत का नाही आलास?"

"हातात काहीच नव्हतं ना. येऊन काय सांगणार होतो?"

"हेच," मी म्हटलं, आणि माझं स्टूल त्याच्या खुर्चीजवळ ओढलं.