लाजेपोटी नको

किहीमच्या कॉटेजच्या फाटकाशी टेम्पोतून नारळ उतरवणारा तरुण वळला, आणि प्राप्तीने झटकन ओढणी तोंडावर घेतली. निकेत! श्रीवर्धनजवळचं गाव सोडून हा इथे कसा?

"डोळे बाहेरच राहिलेत," तो हसला. "मामाचे नारळ पोचवायला आलो. तुझा फोन बंद... मला वाटलं, आजारी आहेस."

तेवढ्यात व्हरांड्यात पत्ते कुटणारे तिच्या पॅनेलचे तिघे सदस्य त्याला दिसले. त्याचं हसू मावळलं.

महिनाभर कोकम सरबत पीत दोन्ही पॅनेलांची बोलणी या दोघांनीच तर केली होती! निकेतच्या पॅनेलने सरपंचपदाचा उमेदवार मागे घ्यायचा, बदल्यात उपसरपंचपद त्यांच्या विनिताताईंना. सदस्यांची पळवापळवी कुणीच करायची नाही. त्यांनी उमेदवार मागे घेतला, प्राप्तीचे चांगदेवकाका बिनविरोध सरपंच झाले. आणि आता उद्याच्या उपसरपंचपदाच्या मतदानात कुणी दिला शब्द पाळायला जाऊ नये, म्हणून काकांनी आपले चारही सदस्य इथे आणून ठेवले होते. चौथी प्राप्ती. तिने ब्रसुद्धा काढला नव्हता.

"तुमचे चौघे... कुठे ठेवलेत?" तिने कसंबसं विचारलं.

"आपापल्या घरी. आपलं ठरलं होतं ना?"

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. प्राप्तीचे कान तापले. वर मान करून बघायची सोय उरली नाही.

"गावात सांगशील?"

"सांगितलं तर आमचे लोकही पळवापळवीला लागतील. मग आपण दोघांनी महिनाभर नुसतं सरबतच प्यायलं म्हणायचं." तो टेम्पोत बसला.

सकाळी परतताना गाडीत तिने सांगून टाकलं, "काका, माझं मत विनिताताईंना."

"अगं, राजकारण हाय ह्ये, लग्नाची बोलणी न्हाय!" काका कडाडले. मग गाव येईपर्यंत त्यांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच.

ग्रामपंचायतीत विनिताताईंचं नाव येताच तिने हात वर केला. त्यांचे चार आणि तिचं एक; पाच विरुद्ध चार. विनिताताई निवडून आल्या. पण प्राप्तीची लाज काही उतरेना.

बाहेर निकेत थांबला होता. "किहीमची हवा मानवली वाटतं..."

"चेष्टा नको ना. तू विश्वास ठेवलास आणि मी फोन बंद करून लपले."

"हात वर केलास की." तो जवळ आला, अडखळला. "प्राप्ती, एक विचारायचं होतं... महिनाभर—"

"कळलंय मला काय ते. मलाही तू... पण आज नको विचारूस. आज मी लाजेपोटी हो म्हणेन."

"मग कधी?"

"उद्या," ती म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदा तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "फोन चालू असेल."