होडीची आंघोळ

"अगं रंजे, हिला चार स्पीकर आहेत!" होडीच्या टोकावर उभा राहून तेजस ओरडला. "आणि मोबाइल ठेवायला खण!"

"खाली उतर आधी," रंजिता म्हणाली. होडी पाण्यात नव्हतीच. खाडीकाठच्या द्रोणागिरीतल्या एका गोदामाच्या आवारात, चाकांच्या गाड्यावर चढवलेली होती. तरी रंजिता तिच्यापासून चार पावलं लांबच उभी होती.

तेजसचे बाबा, म्हणजे तिचे धर्मराजकाका, आयुष्यातली पहिली होडी घेत होते. त्यांच्या वाडवडिलांनी खाडीत मासे धरले. काकांनी इमारती बांधल्या आणि भाडेकरू धरले. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र त्यांना अॅल्युमिनियमच्या होडीतून मासेमारी करायची लहर आली. होडी त्यांनी फ्लॅटसारखीच निवडली. रंग पाहिला, वारा कसा येईल ते पाहिलं आणि विकणाऱ्या बंडूशेठला विचारलं, "तोंड पूर्वेला हाय ना?"

"एकदम पूर्वेला, साहेब!"

"पण काका, होडी वळते ना?" रंजिताने विचारलं.

"हिला बादलीतल्या पान्याची पन भीती वाटते," काका बंडूशेठला म्हणाले आणि तो विषय तिथेच संपला.

आता पूजा, आणि लगेच होडी खाडीत. पहिल्या फेरीचा मान आजीचा, म्हणजे मालतीबाईंचा. आजीच्या मांडीवर बसणार होती उन्नती, रंजिताची पाच वर्षांची बहीण. लाइफ जॅकेट? "पुढच्या आठवड्यात येतील," बंडूशेठने हसून सांगितलं.

रंजिताला काहीतरी खटकत होतं. "तेजस, सगळी होडी उन्हाने फिकी पडलीय. फक्त पोटाला रंग चकचकीत. का?"

"पोटाला ऊन लागत नाही म्हणून."

"मग रंगाचा वास का येतोय?"

तेजसने नाक ओढून वास घेतला. दोघं गुपचूप गाड्याखाली सरपटत गेली.

खाली अंधार आणि भट्टीसारखी धग. डोक्यावर वीतभर अंतरावर होडीचं पोट. रंजिताने खिळ्यांच्या रांगेवर नख घासलं. रंगाचा पापुद्रा निघाला, त्यामागून पुट्टीचा गोळा पडला, आणि वरून उन्हाची एक तिरीप थेट तिच्या डोळ्यात आली! तेजसने शेजारचा खिळा खरवडला. तिथेही भोक!

"अख्खी रांग गेलीय," तो पुटपुटला.

तेवढ्यात दोन पॉलिश केलेले बूट समोर येऊन थांबले.

"काय शोधताय, बाळांनो?" बंडूशेठ वाकला. चेहऱ्यावर हसू, आवाजात नाही. "गाडा घसरला तर चटणी होईल हं." त्याने चाकाखालच्या ठोकळ्याला बुटाने हलकेच ढोसलं. गाडा करकरला. तेजसने रंजिताला दंडाला धरून पलीकडून बाहेर ओढलं.

"काका! होडीला भोकं आहेत!"

"खिळ्यांची असतील. रंजे, घाबरायचं असंल तं घरी जाऊन घाबर!"

"लेकरू आहे, साहेब," बंडूशेठ मायेने म्हणाला.

पूजेचं ताट आलं. उन्नती टाळ्या पिटत होती. काका ऐकणार नव्हते; त्यांना दाखवायलाच हवं होतं. सायकलची ट्यूब पंक्चर झाली की पाण्यात बुडवतात. होडी बुडवून चालणार नव्हतं, पण पाणी होडीत घालता आलं तर? ती तेजसच्या कानात कुजबुजली.

"बाबा!" तेजसने खडा आवाज लावला. "आपल्यात पूजेआधी नव्या होडीला आतून आंघोळ घालतात ना?"

काका गोंधळले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि परक्यासमोर ते कबूल करायची सोय नव्हती. त्यांनी आजीकडे पाहिलं. आजीने रंजिताच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"घालतात म्हंजे? धा पिढ्यांची रीत हाय! इसरलास, धर्मा?"

"छे! इसरीन कसा?"

"नको, नको! स्पीकर भिजतील!" बंडूशेठने तेजसच्या हातातला नळाचा पाइप हिसकायला झडप घातली. तेजसने तो रंजिताकडे फेकला. आता वर चढायला तीच उरली होती. गाडा डुचमळत होता, तरी ती चढली आणि तिने पाइप आत सोडला. पाणी घोट्यापर्यंत आलं. पायाखालचा पत्रा कुरकुरला. आता फाटणार! तिने डोळे मिटले.

खाली टप, टप आवाज झाला. मग पुट्टीचे गोळे पटापट सुटले आणि शॉवर सोडावा तशी अख्खी रांग धो धो वाहायला लागली! नेमके तिच्याच खाली वाकून पाहणारे धर्मराजकाका कडक इस्त्रीच्या सदऱ्यासकट न्हाऊन निघाले.

"बंद कर! दिसलं मला!"

बंडूशेठ हळूच फाटकाकडे निघाला. तिथे आजी खुर्ची टाकून बसलीच होती.

"चाललास कुठं? पयली फेरी आता तुजी! बस होडीत!"

बंडूशेठ काही बसला नाही. पोलीस येईपर्यंत उभाच राहिला.

काका हातरुमालाएवढ्या टॉवेलने डोकं पुसत रंजितासमोर आले. "आज माझी आय आनि उन्नी…" एवढं बोलून त्यांनी उन्नतीला कडेवर घेतलं. मग भर आवारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, चुकलं माझं. तू लय धीराची हायस. आता होडी तूच निवडायची!"

रंजिता होडीपासून दोन पावलं मागे सरकली.

"निवडीन, काका," ती म्हणाली. "पण बसणार नाही!"