पेडलवरचा पाय

भूत म्हटलं की लोकांना रात्र लागते.

हे घडलं रविवारी दुपारी साडेतीनला, लख्ख उन्हात. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा मावसभाऊ आहे आणि तो थापा मारणाऱ्यांतला नाही. थापा मारायला डोकं लागतं, असं मी त्याला नेहमी चिडवते.

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो म्हणून आम्ही सगळे त्याला भिंग्या म्हणतो. चाळिशीला टेकला तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. मग जमलं ते एका विधवा बाईशी. वहिनीची रोपांची नर्सरी आहे. घरामागे शेड, शेडपुढे मोकळी जागा आणि त्या जागेत उभी असलेली एक जुनी पांढरी पिकअप. कुंड्या भरून गावभर पोचवायचं काम वहिनी स्वतः करते. स्टिअरिंग असं फिरवते की बघत राहावं.

घर तिचं. नर्सरी तिची.

आणि पिकअप तिच्या आधीच्या नवऱ्याची.

त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. पण गाडीतला एकेक नट त्याने स्वतःच्या हाताने आवळलेला. गॅरेजची पायरी तो कधी चढला नाही. ऑइल बदलणं, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलणं, ब्रेकचं काम, सगळं याच जागेत, गाडीखाली सतरंजी टाकून. त्याच्या पान्यांची पेटी अजून शेडमध्ये होती. भिंग्या लग्न करून आला त्या पहिल्याच आठवड्यात त्याने ती पेटी माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी ती खाली, होती त्या जागी.

"कुणी काढली?"

"मी," वहिनी म्हणाली. "ते जिथे ठेवायचे तिथेच बरी."

ते! आधीच्याबद्दल बोलताना वहिनीच्या तोंडी नेहमी 'ते'. आणि भिंग्याला? 'अरे, ऐक ना.'

"त्याला अहो आणि मला अरे," भिंग्या एकदा मला म्हणाला. मी हसले. मग त्याचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं. मेलेल्या माणसावर कुणी इतकं जळू शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्या आठवड्यात पिकअपचा ब्रेक मऊ लागायला लागला. पेडल दाबलं की पाय खालपर्यंत जायचा. वहिनीने सहज म्हटलं, "ते असते तर रविवारी दुपारी काम झालं असतं."

झालं. भिंग्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तो गॅरेजवाल्या मिस्त्रीकडे गेला आणि ब्रेकची हवा कशी काढतात ते समजून घेऊन आला. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल मऊ होतं. ती काढायला दोन माणसं लागतात. एक केबिनमध्ये बसून पेडल दाबतो आणि दाबून धरतो. दुसरा खाली चाकामागची छोटी तोटी उघडतो. ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर येतात. तोटी बंद करायची, मग वरच्याने पाय सोडायचा. असं चारही चाकांना.

"चष्म्याचा स्क्रू नाही हा, भाऊ," मिस्त्री म्हणाला. "माझ्याकडे आणा, माझीच हवा काढू द्या तिला."

"मीच करणार," भिंग्या म्हणाला.

रविवारी त्याने गाडी उचलली, जाड लाकडी ठोकळ्यांवर टेकवली, चाकं काढली. वहिनी केबिनमध्ये चढली तेव्हा गाडी किंचित दबली आणि पाटे कुरकुरले.

"दाब!" भिंग्या खालून ओरडला. "दाब… दाब… धर!"

"धरलंय."

त्याने तोटी उघडली. पारदर्शक नळीतून ऑइल बाटलीत गेलं, बुडबुड्यांसकट. तोटी बंद.

"सोड!"

मागचं डावं चाक झालं. मागचं उजवं झालं. भिंग्या खूश होता. आणि तेवढ्यात वहिनी वरून हसली.

"काय झालं?"

"काही नाही रे. एवढं ओरडायची गरज नाही. ते खालून नुसतं 'हं' म्हणायचे. तेवढ्यावरून मला कळायचं, दाबायचं की सोडायचं."

 भिंग्या पुढच्या डाव्या चाकाशी सरकला. तिथली तोटी गंजून बसली होती. तो हातोडीने ठोकत राहिला… ठण्, ठण्, ठण्. राग कुणावर तरी काढायचाच होता.

शेवटी तोटी हलली.

त्याने हातोडी ठेवली. सगळीकडे एकदम शांत झालं. शेडवर बसलेले पक्षीसुद्धा ओरडत नव्हते.

आणि पाटे कुरकुरले… जरा जास्तच.

वहिनी नीट सावरून बसली असेल, असं त्याला वाटलं.

मग त्याला काय सुचलं कोण जाणे. बघू तरी, माझं 'हं' तिला कळतं का. तो ओरडला नाही. हळूच म्हणाला…

"हं."

पेडल खाली गेलं.

एकदा. दोनदा. तीनदा. आणि धरून राहिलं. इतकं समान, इतकं घट्ट, की नळीतून ऑइल सरळ धार धरून आलं.

त्याने तोटी बंद केली. "हं."

पेडल वर आलं.

भिंग्या मला सांगताना म्हणाला, "त्या क्षणी मला रडू यायचं बाकी होतं. वाटलं, आज ही माझी झाली." गाडीखाली उताणा पडलेला, तोंडावर ऑइल, आणि हा पठ्ठ्या लग्नानंतर पहिल्यांदा सुखात होता.

समोरासमोर जे कधी बोलता आलं नाही ते त्याला तिथे बोलता आलं. तोंड दिसत नव्हतं ना तिचं.

"हं," तो म्हणाला. पेडल दाबलं गेलं. "एक विचारू? रागावू नकोस. मी त्याच्याइतका हुशार नाही. पण मी वाईट आहे का गं? दोन वर्षं मी या घरात पाहुण्यासारखा राहतोय. त्याची पेटी, त्याची गाडी, त्याच्या सवयी. तो गेला, आणि तरी तोच इथला मालक. आता त्याला सोड ना. माझ्यासाठी सोड."

वरून उत्तर आलं नाही.

त्याने तोटी बंद केली. "हं."

पेडल वर आलं नाही.

"हं… अगं, सोड."

नाही.

पेडल दाबलेलंच. उलट अजून खाली चाललेलं. नळीवरचा ताण त्याला दिसत होता. त्याच्या तोंडावरचं केबिन खाली झुकत होतं, जणू वर कुणीतरी सगळा भार पायावर दिला होता. ठोकळ्यातून कर्रर्र असा आवाज आला.

"सोड!" तो ओरडला. "गाडी येईल अंगावर! सोड!"

आणि वरून, अगदी त्याच्या कानाजवळ, एक पुरुषाचा आवाज आला. शांत. रागावलेला नाही.

"तू सोड."

भिंग्या कसा बाहेर आला ते त्याला आठवत नाही. कोपरं सोलली, शर्ट फाटला. उठून केबिनच्या खिडकीतून बघितलं.

आत कुणी नव्हतं.

ब्रेकचं पेडल तळाला टेकलेलं होतं.

त्याच्या डोळ्यांदेखत… ते हळूहळू वर आलं. पाटे कुरकुरले. गाडी किंचित उचलली गेली. एखादा माणूस उतरला की उचलली जाते तशी. दार मात्र उघडलं नाही.

"काय रे? एवढा का ओरडतोयस?"

वहिनी फाटकापाशी होती. दोन्ही हातांत कुंड्या. कुणी गिऱ्हाईक आलं होतं. "मी सांगून गेले की. तू ठोकत होतास, ऐकलं नसशील. पंधरा मिनिटं झाली."

भिंग्याची बोबडी वळली. कसंबसं त्याने सांगितलं. 'हं' म्हटल्याचं सांगितलं, पेडलचं सांगितलं. स्वतः काय काय बोलला ते मात्र गिळलं.

त्याला वाटलं, ही घाबरेल. किंचाळेल. निदान आपल्याला धरेल.

वहिनीने कुंड्या खाली ठेवल्या. तिचे डोळे भरून आले होते आणि चेहरा… भिंग्या म्हणतो, असा चेहरा मी तिचा लग्नातही बघितला नव्हता.

"बोलले का काही?" तिने विचारलं. "माझ्याबद्दल काही?"

भिंग्याने तिच्याकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला.

ती केबिनकडे गेली. दार उघडून बाजूच्या सीटवर बसली. मोकळ्या ड्रायव्हर सीटकडे बघून हलक्या आवाजात म्हणाली, "अहो…"

क्षणभर भिंग्या 'ओ' देणार होता.

मग तिने जे सांगितलं ते तिने आजवर त्याला सांगितलं नव्हतं. आधीचा नवरा याच गाडीत गेला. उतारावर, कुंड्यांनी भरलेली गाडी, शेजारी वहिनी. छातीत कळ आली. गाडी तिथेच उभी राहिली, कारण पाय ब्रेकवर होता. प्राण गेला तरी पाय निघाला नव्हता. लोकांनी आधी चाकांखाली दगड लावले आणि मग दोघांनी मिळून तो पाय पेडलवरून काढला.

"मला वाचवून गेले," वहिनी म्हणाली.

हे ऐकताना काय वाटलं ते त्याने मला सांगितलं, तेव्हा मीच हबकले. तो म्हणाला, "त्या वेळी मला भीती नव्हती वाटत गं. मला वाटत होतं, असं मरण मला का नाही आलं? ती माझ्याबद्दलही असं बोलली असती."

थोड्या वेळाने वहिनी खाली उतरली. डोळे पुसले.

"चौथं चाक राहिलंय ना?"

"मिस्त्रीकडे देऊ."

"नको. तूच कर."

"मग तू बस वर."

"मी नाही बसत," ती म्हणाली. "मी इथे उभी राहते. तू 'हं' म्हण."

आणि त्याने म्हटलं.

का म्हटलं, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "नाही म्हटलं असतं तर तिने मला कधी माफ केलं नसतं."

या गोष्टीला दीड वर्ष झालं. ब्रेक ठणठणीत आहे. तरी दर दोन महिन्यांनी वहिनी म्हणते, "अरे, पेडल जरा मऊ लागतंय." तो ठोकळे काढतो, सतरंजी टाकतो. ती नवीन ड्रेस घालून केबिनच्या दाराशी उभी राहते. तो आवाज त्याला पुन्हा ऐकू आलेला नाही. पेडल मात्र दर वेळी खाली जातं.

"विकून टाक ती गाडी," मी म्हटलं.

"गाडी गेली आणि तीही गेली तर?"



गेल्या महिन्यात वहिनीने त्याला विचारलं, "खालचं काम फार कठीण असतं का रे?"

"फार," तो म्हणाला. "तुला नाही जमायचं." इतक्या घाईने म्हणाला, की त्यालाच लाज वाटली.

परवा मी त्यांच्या घरी फोन केला. भिंग्या दुकानात होता. वहिनीने उचलला. धाप लागल्यासारखी बोलत होती. "नंतर करते हं, हात ऑइलचे झालेत." मी विचारलं, मदतीला कुणी आहे का? ती म्हणाली, "आहे ना."

तिने फोन ठेवला, पण बंद करायचा राहून गेला असावा.

मी माझ्याकडून फोन कापायला हवा होता. नाही कापला.

आधी पान्याचा आवाज आला. मग पाटे कुरकुरल्याचा. आणि मग… वहिनी हसली. खूप वेळ हसत होती, लाडात आलेली बाई हसते तशी. मध्येच थांबायची, जणू कुणाचं ऐकतेय, आणि पुन्हा हसायची.

माझ्या भावासमोर मी तिला असं हसताना कधीच ऐकलेलं नाही.

भिंग्याचा रोज रात्री फोन येतो. विचारतो, काय विशेष?

मी काही विशेष नाही म्हणते.